कॉम्प्युटरचा डबा कसा पारखायचा?

पारगावहून भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "मामा, सगळं ठरलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस. फक्त कॅबिनेट राहिलंय. दुकानदार म्हणतो, डब्यात काय बघायचं, दिसायला चांगला तो घ्या."

भाची त्रिमितीय रेखाटनाचे शिक्षण घेते. त्यासाठी लागणारा संगणक तयार विकत घेण्यापेक्षा सुटे भाग जमवून घरी जोडायचा, असे तिने ठरवले होते. पैसे कांद्याचे. दाजींनी ते मोजून दिले होते आणि त्यांची एकच अट होती : मागच्यासारखे होता कामा नये. मागचा संगणक दोन उन्हाळे चालला. तिसऱ्या एप्रिलमध्ये तो दुपारी आपोआप बंद पडू लागला आणि जूनमध्ये कायमचा गेला. तो उघडला तेव्हा आत धुळीची गादी, पंख्याच्या पात्यांना चिकटलेली काजळी आणि मागच्या मोकळ्या फटीतून आत शिरून वाळून गेलेली एक पाल निघाली.

आपल्याकडे त्या अख्ख्या खोक्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. खरा सीपीयू म्हणजे आतला बोटभर प्रोसेसर. बाहेरचा पत्र्याचा डबा तो कॅबिनेट. खरेदीच्या यादीत हा डबा सगळ्यांत शेवटी येतो, कारण त्याने संगणकाचा वेग एका अंकानेही वाढत नाही. पण आतले महागडे भाग किती गरम होतात, किती धूळ खातात, किती आवाज करतात, हात लावला तर झिणझिण्या येतात की नाही आणि आतला विद्युत गोंगाट बाहेर किती पसरतो, या पाचही गोष्टी डबा ठरवतो. पाचवी गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. पण जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याने ती घ्यावी, असे मला वाटते. त्याचे कारण खोडदला उभे आहे. त्याकडे येऊच. आधी उष्णता.

वीज जाते, उष्णता उरते

संगणक विजेचे काय करतो? पंखा वारा देतो, मोटर पाणी उपसते. संगणक चित्र दाखवतो, हिशेब करतो, पण त्याने खेचलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. भाचीच्या संगणकाचा डबा पूर्ण कामाला लागल्यावर साधारण ३०० वॅट खेचेल, असा हिशेब आम्ही मांडला. म्हणजे १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब तीन, एका पत्र्याच्या खोक्यात तासन् तास पेटते ठेवल्यासारखे.

ही उष्णता बाहेर काढण्याचे काम हवेचे. किती हवा लागते, हे शाळेतल्या विज्ञानावरून काढता येते. एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे १,००० ज्यूल लागतात. पारगावसारख्या पठारावरच्या गावात एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१ किलो धरू. ३०० वॅट म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल. आत आलेली हवा बाहेर पडताना फक्त १० अंशांनी तापलेली असावी, असे वाटत असेल तर सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा डब्यातून वाहिली पाहिजे. म्हणजे जवळजवळ दोन बादल्या भरून हवा, दर सेकंदाला.

तीच हवा निम्मी झाली, तर तापमानातली वाढ दुप्पट होते. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असतील, तर चांगल्या डब्यातून ४८ अंशांची हवा बाहेर पडेल, कोंदट डब्यातून ५८ अंशांची. प्रोसेसरचे तापमान या हवेच्या आणखी वर चढते. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. म्हणजे डब्यावर वाचवलेले हजार रुपये ग्राफिक्स कार्डावर घातलेल्या वीस हजारांचा उपयोग कमी करतात. एसएमपीएस आणि मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरसाठी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते. मागचा संगणक तिसऱ्या उन्हाळ्यात का गेला असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

काचेच्या मुखवट्यामागे काय आहे?

भाचीने दुकानातल्या तीन डब्यांचे फोटो पाठवले. पहिल्याला समोर आणि बाजूला काच, आत रंग बदलणारे तीन पंखे. दुसऱ्याला समोर बारीक जाळी, एका बाजूला काच. तिसरा साधा काळा, समोर जाळी आणि दोन्ही बाजूंना पत्रा. अर्थातच तिला पहिला आवडला होता.

मी तिला पट्टी घेऊन परत दुकानात पाठवले. "काचेच्या आणि सांगाड्याच्या मधल्या फटी मोज. पंखे हवा घेणार कुठून?"

काचेच्या दोन्ही कडांना उभ्या फटी होत्या, प्रत्येकी साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच. दोन्ही मिळून ७० चौरस सेंटिमीटर. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचे वर्तुळ ११३ चौरस सेंटिमीटर भरते, तीन पंख्यांचे ३३९. म्हणजे ३३९ चौरस सेंटिमीटरच्या पंख्यांना श्वास घ्यायला ७० चौरस सेंटिमीटरची वाट. तोंडावर उशी धरून पळायला सांगण्यासारखेच हे. जाळीच्या डब्याचा पुढचा भाग १५ बाय ३५ धरला आणि जाळीत निम्मा भाग पत्रा असला, तरी २६० चौरस सेंटिमीटरहून अधिक वाट मोकळी राहते.

ही मोजणी दुकानात कोणालाही करता येते. जाळी उजेडासमोर धरावी. पलीकडचा दिवा नीट दिसला तर हवा जाईल. जाळीमागे दाट फोम चिकटवलेला असेल, तर ती जाळी दिखाऊ आहे.

आवाजाचा हिशेबही इथेच सुटतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की वारा दुप्पट होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. उलट, त्याच वेगाने फिरणारा तसाच दुसरा पंखा जोडला तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर वारा तेवढाच मिळून आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. रात्री गाव शांत झाल्यावर शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असेल, तर हा फरक झोपेचा फरक असतो. डब्यात पंख्यांच्या जागा किती आहेत आणि त्यांना वाट मोकळी आहे का, हे त्यासाठी पाहायचे.

धुळीची दिशा ठरवता येते

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावला, दत्तात्रयनगरमध्ये, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याने रात्रंदिवस चालतात. कांदा काढणी, मळणी, कच्चे रस्ते यांची माती वेगळी. अशा ठिकाणी पुण्यातल्या बंद फ्लॅटचे नियम चालत नाहीत. धूळ येणारच. ती कुठून यावी, एवढे आपल्या हातात असते.

डब्यात आत हवा ढकलणारे पंखे आणि बाहेर फेकणारे पंखे अशा दोन बाजू असतात. बाहेर फेकणारे जास्त जोराचे असतील, तर डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि प्रत्येक सांध्यातून, मागच्या प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. आत ढकलणारे थोडे जास्त असतील आणि त्यांच्यापुढे गाळणी असेल, तर हवा गाळूनच आत येते आणि फटींतून बाहेर पडते. म्हणून समोर दोन, मागे एक ही मांडणी आपल्याकडे सोयीची.

गाळणी मात्र हाताने निघणारी हवी. स्क्रू काढून, पुढचे पॅनेल उचकटून धुवावी लागणारी गाळणी कोणी धूत नाही, हा अनुभव आहे. चुंबकाने चिकटणारी किंवा ड्रॉवरसारखी ओढून निघणारी गाळणी पंधरा दिवसांनी नळाखाली धरता येते. एसएमपीएस तळाला बसत असेल, तर त्याच्याखालीही गाळणी हवी आणि डब्याचे पाय किमान बोटभर उंच हवेत. डबा जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंचीवर ठेवला, तर झाडलोटीची निम्मी धूळ टळते.

डबा साफ करताना प्लग काढावा, तो अंगणात न्यावा, नाकातोंडावर मास्क बांधावा. ही धूळ साधी माती नसते. तिच्यात बुरशीचे कण, परागकण, काजळी असते आणि दमा असलेल्याला ती त्रास देते. फुंकणीने किंवा ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो गरागरा फिरू दिला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. एसएमपीएसचे झाकण मात्र कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल इतका भार काही काळ राहू शकतो.

हात लावला की झिणझिण्या

"मामा, जुन्या डब्याला अनवाणी हात लावला की मुंग्या यायच्या. सगळे म्हणायचे, कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच."

असतो, पण तो तसा जाणवणे बरोबर नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून, दुसरा न्यूट्रलपासून निघतो, आणि दोघांचे मधले टोक डब्याच्या पत्र्याला जोडलेले असते. पत्रा प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेवाटे जमिनीला जोडला जावा, अशी रचना असते. घरात अर्थिंगच नसेल किंवा तिसऱ्या पिनेची तार कुठे जोडलेलीच नसेल, तर पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर जाऊन बसतो. त्यातून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढा असतो, म्हणून धक्का न बसता मुंग्या येतात. टेस्टर लावला तर तो पेटतो.

या मुंग्यांनी सहसा माणूस दगावत नाही. पण अर्थिंग नाही, हे त्या सांगत असतात. उद्या आतली एखादी तार पत्र्याला टेकली, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्याला जायला वाट नसेल. वाट होणार ती हात लावणाऱ्याची. डबा कितीही चांगला घेतला तरी अर्थिंगशिवाय तो अपुरा आहे.

इथे एक धोक्याची पद्धत सांगायला हवी. अर्थिंग नसलेल्या घरात काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडून देतात. मुंग्या थांबतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर डब्यावर थेट फेज येतो. हे कधीही करू देऊ नये. जाणकार वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावे आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. हा खर्च संगणकाचा समजू नये. फ्रिज, मोटर, वॉशिंग मशिन यांच्यापासूनही घर त्यामुळेच सुरक्षित होते.

खोडदची जाळी

आता खोडदकडे. नारायणगावजवळच्या या गावात आणि आसपासच्या शिवारात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तो उभारला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ खोडदला एकमेकींजवळ, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून हा प्रकल्प आकाराला आला.

इतक्या मोठ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वादळी वाऱ्यात त्या सांभाळायला अवाढव्य सांगाडे लागले असते. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या जाळीने विणल्या. मधल्या भागात जाळीचे घर १० मिलिमीटरचे, पुढे १५ आणि कडेला २० मिलिमीटरचे. दुरून थाळी जवळजवळ दिसतच नाही, आरपार आकाश दिसते. पण २१ सेंटिमीटर किंवा एक मीटर लांबीच्या रेडिओ तरंगाला ती भरीव आरशासारखी वाटते, कारण भोक तरंगापेक्षा खूप लहान आहे. वारा आरपार जातो, रेडिओ तरंग परततो.

संगणकाच्या डब्याची पुढची जाळी नेमके हेच काम करते. हवा जाऊ द्यायची, रेडिओ तरंग अडवायचे. धातूच्या बंदिस्त खोलीत बाहेरचे विद्युत परिणाम पोहोचत नाहीत, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले होते. उलट दिशेलाही ते खरे आहे : आतला गोंगाट बाहेर पडत नाही.

आणि संगणकात गोंगाट भरपूर असतो. ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गावर बसते, त्याचे घड्याळ १०० मेगाहर्ट्झवर ठोके देते आणि त्याच्या पटीतले सूर वर उमटत जातात. साध्या फुल एचडी पडद्याला चित्र पाठवणाऱ्या सिग्नलचा मूळ ठोका १४८.५ मेगाहर्ट्झचा असतो. खोडदच्या अँटेना १५० मेगाहर्ट्झच्या आसपासही आकाश ऐकतात. सुधारित जीएमआरटीची श्रवणकक्षा साधारण ५० ते १,५०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानची आहे. म्हणजे घरातला संगणक आणि आकाशातली दीर्घिका एकाच पट्ट्यात बोलतात.

किती मोठ्याने? एक कागदी हिशेब करून पाहू. एखादा डबा एक मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा दहालाखावा भाग, १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळीकडे सारखा गळू देतो असे धरू. मध्ये डोंगर, भिंत काही नाही असे मानले, तर दहा किलोमीटरवर त्याची तीव्रता सुमारे ८०० जान्स्की भरते. जान्स्की हे रेडिओ खगोलशास्त्राचे एकक. आकाशातल्या सर्वांत प्रखर मोजक्या स्रोतांची तीव्रता हजार-दोन हजार जान्स्कीपासून पुढे जाते, आणि खोडदचे खगोलशास्त्रज्ञ जान्स्कीच्या हजाराव्या, दहालाखाव्या भागाएवढे स्रोत शोधत असतात.

प्रत्यक्षात एवढे घडत नाही. मध्ये भिंती असतात, डोंगर असतात. खोडदची जागा निवडताना आसपासच्या डोंगरांचा आडोसा आणि कमी मानवी गोंगाट हेच पाहिले होते. अँटेना संगणकाकडे रोखलेली नसते. शिवाय एकमेकींपासून लांब असलेल्या तीस अँटेनांचे सिग्नल ताडून पाहताना स्थानिक गोंगाटाचा बराच भाग गळतो. जीएमआरटीला त्रास देणाऱ्यांत ठिणग्या उडणाऱ्या वीजवाहिन्या, मोबाइल टॉवर आणि प्रक्षेपणे यांचा वाटा मोठा. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणीसुद्धा या दुर्बिणीसाठी नव्याने तपासावी लागली. त्यांच्यापुढे पारगावचा एक डबा म्हणजे काहीच नाही. पण गावागावांत आता असे डबे, स्वस्त एलईडी दिवे, निकृष्ट चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर वाढत आहेत, आणि अंधार जसा एका दिव्याने जात नाही पण हजार दिव्यांनी जातो, तशीच ही रेडिओ-शांतता आहे.

ही काळजी आजची नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणक शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मुंग्या आणू लागले, तेव्हा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये त्यांच्यासाठी मर्यादा घातल्या. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या संगणकांत या कारणासाठी ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कवच बसवले होते. आजचा पत्र्याचा डबा त्याच कवचाचा वारस आहे. काचेची बाजू बसवली की त्या कवचाला खिडकी पडते. साधी काच रेडिओ तरंगांना अडवत नाही.

गळतीच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. फट किती रुंद यापेक्षा ती किती लांब, हे महत्त्वाचे. दोन मिलिमीटरची शंभर भोके चालतात, पण कागद जाईल एवढीच रुंद आणि वीतभर लांब फट चालत नाही. डब्याच्या मागे कार्ड बसवायच्या खाचा असतात. त्यांपैकी रिकाम्या खाचेची पट्टी काढून टाकली, तर साधारण १० ते ११ सेंटिमीटर लांबीचे भोक उरते. ही लांबी २१ सेंटिमीटर तरंगाच्या निम्मी. अशी फट स्वतःच अँटेनासारखी वागते. आणि २१ सेंटिमीटर, १,४२० मेगाहर्ट्झ, हाच तर अवकाशातल्या हायड्रोजनचा सूर, जो ऐकायला खोडदच्या अँटेना वळतात.

जुन्या डब्यात पाल शिरली होती ती याच फटीतून. धूळ आत ओढली जात होती तीही इथूनच.

आणखी एक शंका लगेच दूर करतो. या गळतीने माणसाच्या तब्येतीला काही होत नाही. ती मायक्रोवॅटच्या घरातली आहे. खिशातला मोबाइल त्याच्या लाखपट शक्तीने प्रक्षेपण करू शकतो. दुर्बिणीचा कान नाजूक आहे म्हणून तिला ते ऐकू येते, एवढेच.

दुकानात दहा मिनिटे

हे सगळे मनात ठेवून भाचीला मी एक तपासणी लिहून दिली. ती इथे देतो. डबा दोन हजारांचा असो की दहा हजारांचा, पाहायचे तेच.

माप. मदरबोर्ड मोठा एटीएक्स असेल तर तो ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. डबा त्याला साजेसा हवा. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची खोक्यावर लिहिलेली असते. डब्याच्या माहितीपत्रकातल्या कमाल मापांशी ती ताडून पाहावी आणि एक-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवावेत. कूलर उंच निघून झाकण न लागणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य फसगत आहे.

पत्रा. झाकण काढून दोन कोपरे धरून हलके पिळावे. फार वाकले, खडखडले, तर पत्रा पातळ आहे. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी पत्रा पंख्याबरोबर गुणगुणतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा बरा. चुंबक लावून पाहावे, चिकटले तर पोलाद. आतल्या कडांवरून बोट जपून फिरवावे. कडा दुमडलेल्या नसतील तर जोडताना हात कापतो.

वाट. समोरची आणि वरची मोकळी जागा पट्टीने मोजावी. पंख्यांच्या वर्तुळांशी तुलना करावी.

गाळणी. स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघते का, ते काढून पाहावे.

फटी. मागच्या पट्ट्या एकदा तोडून फेकायच्या आहेत की स्क्रूने परत बसवता येतात? परत बसणाऱ्याच घ्याव्यात. मदरबोर्डबरोबर मागच्या बाजूची पातळ धातूची चौकट येते. अनेक जण ती बसवायला विसरतात. ती न बसवल्यास १६ बाय साडेचार सेंटिमीटरची खिडकीच उघडी राहते. झाकण जिथे सांगाड्याला टेकते तिथे रंगाचा जाड थर आहे की उघडा धातू, हेही पाहावे. रंग वीज वाहू देत नाही. रंगावर रंग टेकला की तो सांधा नजरेला बंद आणि तरंगांना उघडा. मधे मधे वाकवलेल्या धातूच्या जिभा असतील, तर उत्पादकाने याचा विचार केला आहे असे समजावे.

केबल. पडद्याची केबल लांबलचक घेऊ नये. दोन्ही टोकांना फेराइटचे गोळे असलेली मिळाली तर चांगले. डब्याने अडवलेला गोंगाट केबलवाटे बाहेर पडू शकतो.

दिवे. पंख्यांचे रंगीत दिवे हवा देत नाहीत. आवडत असतील तर जरूर घ्यावेत, पण वरच्या सगळ्या कसोट्या उतरल्यावर.

तिसरा डबा

भाची रविवारी पुण्याला आली. आम्ही तपकीर गल्लीत आणखी दोन-तीन दुकाने फिरलो. शेवटी तिने तिसऱ्या प्रकारचा डबा घेतला, समोर जाळी आणि दोन्ही बाजूंना पत्रा. पहिल्यापेक्षा तो स्वस्तच पडला. उरलेल्या पैशांत आत हवा ढकलणारा एक जादा पंखा आला. काचेचा डबा मागे ठेवताना तिचा चेहरा थोडा उतरला होता, हे खरे. विशी-बाविशीच्या वयात रंगीत दिवे नाकारायला लावणाऱ्या मामाचा राग येणारच.

"पण आतलं काहीच दिसणार नाही ना," ती म्हणाली.

"उघडून दाखवशील की. दर पंधरा दिवसांनी गाळणी धुवायचीच आहे."

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला दुर्बीण पाहायला लोकांची रीघ लागते. तालुक्यातल्या शाळांतली मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. तिथल्या आकाशातून आलेला सिग्नल पुढे हाताळतात तेही संगणकच, आणि त्यांत भाचीने घेतले त्याच जातीची, पण कितीतरी दणकट, ग्राफिक्स कार्डे आहेत. त्या संगणकांचा गोंगाट आपल्याच अँटेनांच्या कानात जाऊ नये, म्हणून त्यांना धातूच्या आवरणात ठेवावे लागते. म्हणजे डबा नीट निवडण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही, फक्त त्यांचा डबा खोलीएवढा आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. संगणक जोडून झाला होता. दुपारी तीन वाजता, खोली तापलेली असताना, तिने दोन तास काम करून पाहिले. बंद पडला नाही. दाजींनी वायरमन बोलावून घराला अर्थिंगही करून घेतले होते. खड्डा खणला, पट्टी पुरली, गोठ्यातल्या मोटरलाही त्याच वेळी जोडणी दिली.

"मामा, आईनं स्वतः टेस्टर लावून बघितला डब्याला."

"मग?"

"पेटला नाही."